‘शाळा जबाबदार राहणार नाही’ या कागदावर सही करायची का?

मृण्मयी_नाशिक

लेक सातवीत आहे. शाळेची दोन दिवसांची सहल दिवेआगर-श्रीवर्धनला जाणार आहे. परवा तिच्या डायरीत घडी घातलेला कागद आला. वरच्या भागात निघायची वेळ, शुल्क, टोपी, गोळ्या-औषधं वगैरे. खाली ठळक अक्षरांत हे:

"सहलीदरम्यान माझ्या पाल्यास कोणतीही इजा वा अपघात झाल्यास त्यास मी सर्वस्वी जबाबदार राहीन. शाळा, व्यवस्थापन अथवा शिक्षक यांना जबाबदार धरणार नाही व याबाबत कोठेही तक्रार करणार नाही."

त्याखाली पालकाची सही, आणि सही नसेल तर मुलाला नेणार नाही अशी तळटीप.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, "सगळ्या शाळा घेतात, देऊन टाक." मला ते जमत नाहीये. मुलीने जावं असं मला मनापासून वाटतं, ती महिनाभर समुद्राबद्दलच बोलतेय. पण ती सोबत नसताना, माझ्या हातात काहीच नसताना, तिची जबाबदारी माझी आणि जे तिला पाण्यापाशी नेणार त्यांची नाही, हे लिहून कसं द्यायचं?

शिवाय प्रश्न सहलीपुरता नाही. वर्गात, मैदानात, स्वच्छतागृहात, बसमध्ये मूल असतं तेव्हा कायद्याने कोण जबाबदार? संस्थाचालक, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, की शासन? ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

काळा_कोट

मृण्मयीताई, आधी तुमच्या कागदाबद्दल. त्यातलं शेवटचं वाक्य, ‘कोठेही तक्रार करणार नाही’, हे तर सरळ निरर्थक आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम २८: कायदेशीर दाद मागण्याचा हक्कच पूर्णपणे काढून घेणारा करार शून्य, म्हणजे रद्दबातल ठरतो. कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाच्या विरोधातला करारही टिकत नाही. आणि निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर तो गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आईबापांनी आगाऊ सही दिली म्हणून गुन्हा माफ होत नाही.

सहलीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक पालकाला माहीत असावा. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका पब्लिक स्कूलची सहल बियास नदीकाठी गेली होती. १४ मुलं बुडाली. भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ मध्ये एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या खटल्यात प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम झाली. शिक्षकांचा हलगर्जीपणा हा शाळेचा हलगर्जीपणा, तो व्यवस्थापनाला अंगाबाहेर टाकता येत नाही, हे त्यातलं सूत्र.

आता ‘कोण जबाबदार’. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१७ साली गुरुग्राममधल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, त्याच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून हे आलं. खासगी शाळेत व्यवस्थापन आणि मुख्याध्यापक, सरकारी शाळेत मुख्याध्यापक किंवा प्रभारी आणि त्यांच्या वरची शिक्षण यंत्रणा, अशी जबाबदारी तिथे नावानिशी लावली आहे. शाळेच्या वेळेत मूल शाळेच्या प्रत्यक्ष ताब्यात असतं, हा त्यामागचा विचार. त्यामुळे बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ लागू पडतं: ताब्यातल्या मुलाला मारहाण, छळ किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर शिक्षा. करणारा मुलांची देखभाल सोपवलेल्या संस्थेचा कर्मचारी असेल तर सक्तमजुरी पाच वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना ही तत्त्वं अमलात आणायला सांगितलं आहे.

---

सुधीर_कोथरूड

माहिती चांगली आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. माझी बायको शिक्षिका आहे. सहलीला दोन रात्री ती झोपत नाही. मुलं मोजत बसते. त्याचा जादा एक रुपया मिळत नाही. एखादं मूल डोळा चुकवून पळालं आणि पाय मोडला तर पालक आधी तिच्यावर धावून जाणार. असे कागद संस्थाचालक घेतात ते भीतीपोटी. असंच रेटत राहिलो तर शाळा सहलीच बंद करतील, आणि ज्या मुलांना आईबाप कुठे नेऊ शकत नाहीत त्यांचंच नुकसान होईल.

---

मृण्मयी_नाशिक

सुधीर, तुमच्या पत्नीबद्दल पूर्ण आदर आहे आणि तुमची काळजी मला पटते. पण हा कागद तिलाही वाचवत नाही, हे वर वकीलसाहेबांनी दाखवलंच. तिला वाचवायचं तर चाळीस मुलांमागे दोन नव्हे, चार-पाच मोठी माणसं सोबत हवीत, जीवरक्षक असलेला किनारा हवा, भरतीची वेळ माहीत हवी. मुरूडला २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या महाविद्यालयाची १४ मुलं बुडून गेली, ती तर वयाने मोठी होती. २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटली, १२ विद्यार्थ्यांबरोबर दोन शिक्षिकाही गेल्या. जो पैसा, जी माणसं संस्थेने द्यायची ती दिली नाहीत तर बुडतात ती मुलं आणि त्यांच्यासोबतची शिक्षिका. संस्थाचालक तेव्हा किनाऱ्यावर नसतो.

---

गुरुजी_माणदेश

मी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक आहे. इथे फक्त शहरी खासगी शाळांची चर्चा होऊ नये म्हणून लिहितो.

‘मुख्याध्यापक जबाबदार’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. माझ्या शाळेत चार खोल्या, त्यातली एक धोकादायक. तुळईला आडवी भेग, पावसाळ्यात छतातून सिमेंटचे पोपडे पडतात, आतली सळई उघडी पडून तांबडी झालीय. मी त्या खोलीला कुलूप घातलंय आणि दुसरी-तिसरी एकत्र व्हरांड्यात बसवतो. निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली निकामी ठरवून पाडण्याचा प्रस्ताव दिला आहे. तो केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून बांधकामच्या उपअभियंत्याकडे, त्यांचा दाखला आला की जिल्हा परिषदेत. निर्लेखन मंजूर झाल्याशिवाय मला ती भिंत पाडताही येत नाही, आणि नवी खोली कधी येईल ते कुणी सांगत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजार. त्यात वीजबिल, खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती. तुळई यात बसते का, तुम्हीच सांगा.

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. पहिली कारवाई काय? शिक्षकांचं निलंबन. आपल्याकडे २०१७ मध्ये नगरजवळ निंबोडीला वर्ग कोसळून तीन मुलं दगावली होती. मी जबाबदारी टाळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात बारमाही इमारत, कुंपण, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी हे सगळं लिहिलंय, आणि ते देण्याचं काम स्थानिक प्राधिकरणाचं व शासनाचं आहे. जबाबदारी मोजताना खालच्या पायरीवर थांबू नका एवढीच विनंती.

---

उपअभियंता_निवृत्त

गुरुजी, कुलूप घातलंत ते उत्तम केलंत. त्याहून महत्त्वाचं सांगतो: खोली वापरात नाही आणि का नाही, याचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आवक क्रमांक घ्या, प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासोबत ठेवा. दर पावसाळ्याआधी फोटोसह पुन्हा. मी बांधकाम विभागात असताना पाहिलंय, तोंडी सांगितलेलं ऐन वेळी कुणालाच आठवत नाही. लेखी पत्र टेबलावर पडलं की ती जबाबदारी त्या टेबलाची होते.

आणि पालकांनो, भेग पाहताना एवढं लक्षात ठेवा. गिलाव्यावरची केसाएवढी बारीक रेष बहुधा वरवरची असते. पण तुळईवर किंवा खांबावर तिरकी भेग, भेगेच्या कडेने तांबूस डाग, दरवाजा अचानक चौकटीत घासायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्या खोलीत मुलं बसवू नका, अभियंता येईपर्यंत तर नाहीच.

---

अनुजाची_आई

मी आजवर इथे फक्त वाचत आले. आज लिहावंसं वाटलं.

मुलगी चौथीत असताना मधल्या सुट्टीत जिन्यावरून पडली. मनगट मोडलं होतं. शाळेने तिला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं, हातावर ओला रुमाल ठेवला आणि शाळा सुटेपर्यंत तशीच ठेवली. मला फोन नाही, डॉक्टर नाही. मी न्यायला गेले तेव्हा ती दप्तर दुसऱ्या हाताने छातीशी धरून बसली होती आणि "बाईंनी सांगितलंय रडायचं नाही" म्हणाली. शाळेचं उत्तर होतं, "आम्हाला वाटलं लचकलं असेल." मी तेव्हा भांडले नाही, कारण तिला त्याच शाळेत ठेवायचं होतं.

ही नुसती चूक की कायद्याने काही? ग्राहक मंचात जाता आलं असतं का?

---

काळा_कोट

वाचून त्रास झाला. २०२१ च्या त्या तत्त्वांमध्ये निष्काळजीपणाची यादी आहे आणि वैद्यकीय मदतीला उशीर हा त्यात स्पष्टपणे आहे. खाण्या-पिण्याचा दर्जा, असुरक्षित इमारत, तक्रारीकडे काणाडोळा, शारीरिक शिक्षा, भेदभाव हेही आहेत. म्हणजे तुम्ही तेव्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा बालहक्क आयोगाकडे तक्रार करू शकला असता.

‘रडायचं नाही’ असं दुखावलेल्या मुलीला सांगून गप्प बसवणं हा मला मानसिक त्रासच वाटतो, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

ग्राहक मंचाचा रस्ता अवघड आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवलं, फक्त कोचिंग क्लास आत राहिले. भरपाईसाठी दिवाणी दावा उरतो. तो लांबतो, पण म्हणून कागद करू नयेत असं नाही. त्या दिवशीच मुख्याध्यापकांना साधं पत्र: किती वाजता पडली, कुणी पाहिलं, पालकांना कधी कळवलं. प्रश्न विचारले की उत्तर द्यावं लागतं, आणि पुढच्या मुलीच्या वेळी फोन लवकर जातो.

---

शुभांगी_अंबरनाथ

सहल, इमारत ठीक. पण आमच्या भागात पालकांच्या मनात एकच गोष्ट आहे. बदलापूर इथून जवळच. ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या मुलींच्या बाबतीत जे झालं त्यानंतर माझी धाकटी शाळेत स्वच्छतागृहात कुणाबरोबर जाते, हे मी रोज विचारते. कायद्याने शाळेने नेमकं काय करायचं असतं, आणि नाही केलं तर काय?

---

काळा_कोट

हे जरा विस्ताराने लिहितो, कारण इथेच शाळा सगळ्यात जास्त चुकतात.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा २०१२, कलम १९. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आधी अंतर्गत चौकशी करू’, ‘संस्थेचं नाव जाईल’, ‘पालकांना विचारू’ यातलं काहीही कायद्यात नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. बदलापूरमध्ये शाळेच्या विश्वस्तांवर आणि मुख्याध्यापिकेवर याच कलमाखाली गुन्हा नोंदला गेला, दोन विश्वस्तांना अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि शाळांमधल्या सुरक्षेसाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

हे कलम किती गांभीर्याने घ्यायचं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या प्रकरणात दिसतं. तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती दडवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ ला तो निर्णय फिरवला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, तो सुरुवातीलाच मोडीत काढता येणार नाही, असा त्याचा आशय.

पॉक्सोचे २०२० चे नियम सांगतात की मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी संस्थेने करायची. प्रत्येक म्हणजे कंत्राटी सफाई कामगार, शिपाई, बसचा मदतनीससुद्धा. कर्मचारी ठेकेदाराचा आहे ही सबब चालत नाही. राज्य शासनाच्या २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयात महिनाभरात सीसीटीव्ही, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रीकरण तपासणं, तक्रारपेटी, विद्यार्थी सुरक्षा समिती आणि गैरप्रकार कळल्यापासून २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं हे आहे. मुलांच्या सुरक्षेकडे पाहणारी सखी सावित्री समिती तर मार्च २०२२ पासूनच प्रत्येक शाळेत हवी.

शुभांगीताई, तुम्ही शाळेला तीन गोष्टी विचारा: पडताळणीचे दाखले आहेत का, सखी सावित्री समितीवर कोण कोण आहे, आणि छोट्या मुलींच्या स्वच्छतागृहापाशी बाई असते का. नुसते कॅमेरे मोजू नका. कॅमेरा नंतर दाखवतो, मूल आत्ता वाचवायचं असतं. देव न करो, पण काही कळलंच तर ११२ किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय. पोलीस ठाण्यात ताटकळत बसवणं चुकीचं आहे, ते ठामपणे सांगा.

---

वर्षा_रेडिंग

मी इंग्लंडमध्ये राहते. मुलाच्या प्राथमिक शाळेच्या सहलीला पालक-मदतनीस म्हणून गेले होते. निघण्याआधी शिक्षिकेने आम्हा पालकांना एक यादी वाचून दाखवली. त्यातली एक ओळ अजून लक्षात आहे: कोणत्याही मुलाला एकट्याने स्वच्छतागृहात नेऊ नका, अगदी स्वतःच्या मुलाचा मित्र असला तरी. प्रत्येक शाळेत बालसुरक्षेसाठी एक नेमलेली व्यक्ती असते, तिचं नाव दर्शनी भागात लावलेलं असतं, ते मुलांनाही पाठ असतं.

मृण्मयीने टाकलेल्या कागदाबद्दल: इथे १९७७ पासूनच कायद्याने निष्काळजीपणामुळे होणाऱ्या मृत्यू किंवा इजेची जबाबदारी कोणत्याही अटीने किंवा सूचनाफलकाने झटकता येत नाही. आपल्याकडेही इतकं स्वच्छ एका ओळीत लिहिलेलं असतं तर कागद छापण्याआधीच शाळेने विचार केला असता.

---

संतोष_व्हॅनवाले

मी शाळेची मुलं ने-आण करतो. शाळा आम्हाला सांगते, तुम्ही खासगी, फाटकाबाहेर काय झालं तर आमचा संबंध नाही. पालक म्हणतात शाळेचीच व्हॅन. मधे आम्ही. खरं काय?

---

काळा_कोट

संतोषभाऊ, महाराष्ट्रात २०११ चे स्कूल बस नियम आहेत. त्यात प्रत्येक शाळेला परिवहन समिती करावी लागते आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात. पालक प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचा माणूस, बसवाल्यांचा प्रतिनिधी सगळे त्यात. वाहनाचे कागद, चालकाचा परवाना, थांबे ठरवणं हे तिचं काम. म्हणून फाटकाबाहेर संबंध नाही असं म्हणता येत नाही. तुम्हीच मुख्याध्यापकांना लेखी विचारा, समितीची बैठक कधी आहे. बसवाल्याने मागणी केली तर चांगलंच आहे.

---

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे आभार. आम्ही काही पालक मिळून मुख्याध्यापिकांना भेटलो. त्या सुरुवातीला नाराज झाल्या, मग मोकळेपणाने बोलल्या. कागद संस्थेच्या ऑफिसातून छापून येतो, त्यांनी तो लिहिलेला नाही. ‘तक्रार करणार नाही’ हे वाक्य काढायला त्या तयार झाल्या. ‘शाळा जबाबदार नाही’ मात्र संस्थेला विचारूनच, म्हणाल्या.

आम्ही त्यांना हा मजकूर दिला आहे:

"माझ्या मुलीला सहलीला नेण्यास माझी संमती आहे. तिचा रक्तगट, ॲलर्जी व चालू औषधे खाली लिहिली आहेत. तातडीच्या उपचारांसाठी माझी परवानगी आहे, मला त्वरित कळवावे. सोबतच्या शिक्षकांची नावे व दूरध्वनी, बसचा क्रमांक, मुक्कामाचे ठिकाण आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत सहलीआधी मिळावी. दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, त्यात महिला शिक्षक असाव्यात. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर मुलांना पाण्यात उतरवू नये."

कुणाला यात काही वाढवायचं असेल तर सांगा.

---

गुरुजी_माणदेश

दोन गोष्टी वाढवा. प्रथमोपचार पेटी कुणाकडे असेल त्याचं नाव, आणि मुक्कामाजवळचं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं. आम्ही सहलीआधी तिथे फोन करून रात्री डॉक्टर असतात का ते विचारून ठेवतो.

---

सुधीर_कोथरूड

बायकोला हा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, असा कागद आला तर मी स्वतः व्यवस्थापनाकडे जादा शिक्षक मागू शकेन. तिच्या शाळेतही देते म्हणाली. ‘रात्री मुलींच्या खोलीबाहेर कोणत्या शिक्षिका झोपणार त्यांची नावे’ हे वाढवा, असं तिने सुचवलंय.

---

काळा_कोट

दोन प्रती करा, एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तेच पत्र स्पीड पोस्टाने शाळेला आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना.

---

मृण्मयी_नाशिक

तिन्ही सूचना घातल्या. सोमवारी देतोय, सोबत अजून अकरा पालकांच्या सह्या आहेत. संस्थेचं उत्तर आलं की इथेच लिहीन.